लाल बटणामागच्या दोन तारा

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणातल्या बंदरांवर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. ३१ जुलैपर्यंतच्या त्या ६१ दिवसांत जाळी दुरुस्त होतात, फायबरला पडलेल्या चिरा भरल्या जातात, इंजिन उघडून साफ केलं जातं. वायरिंगची आठवण मात्र नारळी पौर्णिमा तोंडावर आली की होते. तीही जीपीएस चालू होत नाही म्हणून. मग घाईघाईत एखादा जोड सोलून पिळला जातो, त्यावर काळी टेप गुंडाळली जाते आणि होडी पाण्यात जाते. हा लेख त्या घाईच्या आधी वाचावा म्हणून लिहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका तांडेलाने मला त्याची होडी दाखवली. साधारण २८ फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड, मध्ये छोटीशी केबिन. केबिनमध्ये नवा जीपीएस प्लॉटर, त्यातच फिश फाइंडर, शेजारी चांगला व्हीएचएफ रेडिओ. सगळं मिळून त्याने लाखाच्या घरात खर्च केला होता. मी रेडिओ चालू करायला सांगितला. पडद्यावर जिथे अक्षांश-रेखांश दिसायला हवेत तिथे नुसत्या रेघा होत्या. ‘जीपीएस आहे की बाजूला,’ तो म्हणाला. बाजूला होताच, वीतभर अंतरावर. पण त्या वीतभर अंतरात एकही तार नव्हती. जीपीएसला होडी कुठे आहे ते कळत होतं आणि रेडिओला त्याचा पत्ताच नव्हता.

याचा अर्थ काय होतो ते नीट समजून घ्या, कारण बाकीचा सगळा लेख त्यावर उभा आहे. आजच्या बहुतेक पक्क्या बसवायच्या व्हीएचएफ रेडिओंवर एक लाल बटण असतं, झाकणाखाली. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं की रेडिओ ७० नंबरच्या चॅनेलवर एक डिजिटल हाक पाठवतो. माणसाने काही बोलायची गरज नसते. त्या हाकेत तुमच्या होडीचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक जातो, वेळ जाते आणि रेडिओला माहीत असेल तर होडीचं ठिकाणही जातं. जयगडकडे किंवा जेएनपीटीकडे निघालेलं मोठं मालवाहू जहाज ७० नंबरवर सतत कान ठेवून असतं. त्याच्या ब्रिजवर घंटा वाजते आणि पडद्यावर तुमचे अक्षांश-रेखांश उमटतात. रेडिओ जीपीएसला जोडलेला नसेल, तर घंटा वाजते पण ठिकाण रिकामं येतं. कुणीतरी बुडतंय एवढंच त्या कप्तानाला कळतं. कुठे, ते कळत नाही. आणि पाणी शिरत असलेल्या होडीवर, अंधारात, माइक हातात धरून आकडे वाचून दाखवायला किती जणांना जमेल?

म्हणून होडीवरच्या जोडण्यांमध्ये माझ्या मते पहिला मान जीपीएसकडून रेडिओकडे जाणाऱ्या त्या दोन बारीक तारांचा. पण त्या तारांतून काही जायचं तर दोन्ही यंत्रं जिवंत राहायला हवीत. म्हणून सुरुवात बॅटरीपासून करू या.

आधी एक कागद घ्या. त्यावर होडीचा आराखडा काढा: बॅटरी कुठे, केबिन कुठे, इंजिन कुठे, अँटेना कुठे. मग प्रत्येक यंत्र किती अँपिअर घेतं ते त्याच्या पुस्तिकेतून बघून लिहा. छोटा प्लॉटर आणि फिश फाइंडर मिळून साधारण दीड अँपिअर घेतात. व्हीएचएफ नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर पुरतो, पण २५ वॉटवर बोलताना पाच ते सहा अँपिअर ओढतो. एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांना आपली ओळख आणि ठिकाण कळवणारं यंत्र, असेल तर अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर धरा. म्हणजे न बोलता, नुसतं सगळं चालू ठेवलं तरी अडीच अँपिअर. बारा तासांच्या फेरीला ३० अँपिअर-तास झाले. साधी शिसं-आम्लाची बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर लवकर मरते. त्यामुळे ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हाताशी ३५च धरायचे. हिशेब जेमतेम बसतो. त्यात खलाशांचे मोबाइल, दिवे आणि पाणी उपसायचा पंप आला की बसत नाही. इंजिन बटणावर चालू होत असेल तर यंत्रांची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी ठेवा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज एकदम खाली येतं आणि प्लॉटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना वाटतं प्लॉटर बिघडला. तो बिघडलेला नसतो, उपाशी असतो.

आता वायरीची जाडी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लाल-काळी दुपेडी वायर, बहुतेकदा १ चौरस मिलिमीटरची, घरातल्या दिव्याला चालते म्हणून होडीत टाकली जाते. घरात २३० व्होल्ट असतात. त्यातला एखादा व्होल्ट वाटेत हरवला तर कुणाला कळत नाही. होडीत मुळात १२च असतात. बॅटरीपासून केबिन ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन वायर १० मीटर झाली. १ चौरस मिलिमीटरच्या १० मीटर वायरीत ६ अँपिअर वाहिले की साधारण १.२ व्होल्ट वाटेतच जळतात. बॅटरीवर १२.२ व्होल्ट असताना रेडिओला ११ मिळतात. त्यात गंजलेल्या जोडांची भर पडली की बोलायचं बटण दाबताच रेडिओ मान टाकतो. ऐकू सगळं येतं, पण आपलं कुणाला ऐकू जात नाही. महत्त्वाच्या यंत्रांसाठी वाटेतली घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ व्होल्टच्या आत ठेवावी, असा सर्वमान्य नियम आहे. याच उदाहरणात २.५ चौरस मिलिमीटरची वायरही थोडी कमी पडते. ४ ची घातली तर घट ०.३ वर येते आणि काम होतं. प्लॉटरला दीडच अँपिअर लागतो, म्हणून तेवढ्याच अंतरावर १.५ ची वायर पुरते.

जाडीइतकीच वायरीची जात महत्त्वाची. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ती कशासाठी, हे कोकणातल्या घराला सांगायला नको. कल्हई गेली की भांडं कळकतं. वायरीचंही तसंच आहे. साध्या तांब्याच्या वायरीत खारं पाणी एकदा शिरलं की ते आवरणाच्या आतून, केशाकर्षणाने, वर चढत जातं. बाहेरून वायर नवी दिसते. सोलून बघावं तर आतल्या तारा काळ्या पडलेल्या, हाताने मोडाव्यात अशा. प्रत्येक बारीक तारेला कल्हई केलेली, अनेक पेडांची जहाजी वायर मिळते. सोलल्यावर ती तांबूस न दिसता चांदीसारखी दिसते. महाग असते. पण एका छोट्या होडीला लागते तरी किती? तीस-चाळीस मीटर. मासळीच्या एका चांगल्या दिवसात ती वसूल होते. एकपेडी कडक तार मात्र होडीवर कधीही, कुठेही घालू नका. इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते.

जोड पिळून टेप लावायचा नाही, हा नियम घरातल्या लहान मुलालाही सांगून ठेवा. खाऱ्या हवेत टेपचा गोंद दोन महिन्यांत सुटतो आणि आत पाणी साचतं. जोडाला आतून गोंद असलेला, गरम केल्यावर आवळून बसणारा स्लीव्ह वापरा, आणि वायरीच्या टोकाला लग दाबून बसवताना त्यासाठीची योग्य पक्कड घ्या. साध्या पक्कडीने चेमटलेला लग ओढल्यावर निघून येतो. दाबून झाला की दोन्ही बाजूंनी ताकदीने ओढून बघा. होडीवर निघण्यापेक्षा तो हातात निघालेला बरा. काही जुने कारागीर प्रत्येक जोड झाळतात. झाळ वाईट नाही. पण झाळ जिथे संपते तिथे वायर कडक आणि मऊ यांच्या सीमेवर वाकते आणि नेमकी तिथेच तुटते. म्हणून नुसत्या झाळेवर भिस्त ठेवू नका. यंत्रामागे प्रत्येक वायरीला खाली झोल ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत यंत्रात न शिरता झोलाच्या तळाशी ठिबकेल. आणि होडीच्या तळाशी, जिथे पाणी साचतं तिथे, एकही जोड नको.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. तेवढा तुकडा घासून उघडा पडला तर बॅटरी आपली सगळी ताकद त्यातून ओतते आणि फायबरची होडी पेट घ्यायला वेळ लागत नाही. या मुख्य फ्यूजनंतर केबिनमध्ये एक फ्यूज-पेटी बसवा आणि प्रत्येक यंत्राला त्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या. व्हीएचएफला बहुधा १० अँपिअरचा लागतो, प्लॉटरला ३ किंवा ५ चा. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा घाला. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा मी अनेक होड्यांवर पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला आहे. निगेटिव्ह बाजूला सगळ्या काळ्या वायरी एका तांब्याच्या पट्टीवर आणा आणि तिथून एक जाड वायर बॅटरीला न्या. इंजिनाच्या धडाचा निगेटिव्ह म्हणून वापर करू नका. खलाशांच्या मोबाइलसाठी वेगळा, फ्यूज लावलेला चार्जिंग सॉकेट द्या. नाही दिलात तर ते रेडिओच्या वायरीलाच सोलून आकडा टाकतील. दोष त्यांचा नाही, दोन-दोन दिवस समुद्रावर असलेल्या माणसाला घरी बोलायचं असतं.

ज्यांच्या मोठ्या बोटींवर २४ व्होल्ट आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून रेडिओला देणं सोपं दिसतं, पण त्याने एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या. मात्र तो चांगल्या प्रतीचा घ्या, कारण स्वस्तातले कन्व्हर्टर रेडिओत खरखर सोडतात. त्याबद्दल पुढे बोलतो.

आता त्या दोन तारा.

यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळीकडे चालणारी भाषा म्हणजे एनएमईए ०१८३. १९८३ च्या सुमारास ती ठरली आणि जगातल्या जवळपास प्रत्येक कंपनीने स्वीकारली. तिचे नियम साधे आहेत. एक यंत्र बोलतं, बाकीची ऐकतात. एका बोलणाऱ्याला अनेक ऐकणारे चालतात. पण एका ऐकणाऱ्याच्या तारेवर दोन बोलणारे जोडले तर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतात आणि काहीच कळत नाही. बोलणं छोट्या वाक्यांत चालतं. जीपीएस साधारण दर सेकंदाला एक वाक्य सोडतो: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. त्याला आरएमसी म्हणतात. खोलीसाठी डीबीटी नावाचं वाक्य आहे, आणि आपल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यात खोली फूट, मीटर आणि वाव अशा तिन्ही मापांत एकदमच सांगितलेली असते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी पडताळणीचे दोन आकडे असतात. वाटेत एखादं अक्षर बिघडलं तर ऐकणारं यंत्र ते वाक्य टाकून देतं, चुकीचं ठिकाण दाखवत नाही.

जोडणी करताना पुस्तिकेत चार नावं शोधा: टीएक्स ए, टीएक्स बी, आरएक्स ए, आरएक्स बी. टीएक्स म्हणजे बोलणाऱ्या तारा, आरएक्स म्हणजे ऐकणाऱ्या. ए ला प्लस आणि बी ला मायनस असंही लिहिलेलं असतं. प्लॉटरचा टीएक्स ए रेडिओच्या आरएक्स ए ला, प्लॉटरचा टीएक्स बी रेडिओच्या आरएक्स बी ला. झालं. बोलणारा ऐकणाऱ्याला, ए ला ए, बी ला बी. रंगांवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. एका कंपनीची निळी तार बोलणारी असते, तर दुसरीची निळी ऐकणारी. ‘निळीला निळी जोडली तरी चालत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या होड्यांची गणती मी सोडून दिली आहे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेलच्या नावाने ती उतरवून घ्या आणि वायरिंगचं पान छापून केबिनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

काही जुन्या किंवा स्वस्त यंत्रांना चार तारा नसतात. एकच बोलणारी तार असते आणि तिची जोडीदार म्हणून पॉवरचीच काळी तार वापरलेली असते. अशा जीपीएसची बोलणारी तार रेडिओच्या आरएक्स ए ला द्या आणि काळी तार आरएक्स बी ला. उलट, प्लॉटरला ए-बी दोन्ही आहेत आणि ऐकणाऱ्या यंत्राला एकच तार आहे, तर टीएक्स ए तिला द्या, दोन्ही यंत्रांची काळी एकत्र असू द्या, आणि टीएक्स बी चं टोक मोकळंच स्लीव्हने बंद करा. ते काळ्या तारेला जोडू नका. त्याने प्लॉटरचं बोलणारं सर्किट जळू शकतं.

तारा जोडल्या की काम संपत नाही. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टवर एनएमईए ०१८३ निवडा आणि वेग ४८०० ठेवा. रेडिओलाही ४८०० च सांगा. एआयएसचा वेग ३८४०० असतो, आणि एआयएसचं पोर्ट म्हणून प्लॉटर ३८४०० वर ठेवून त्याच पोर्टवरून रेडिओला ४८०० वर बोलायला लावता येत नाही. बहुतेक प्लॉटरना दोन पोर्ट असतात. एक रेडिओला द्या, एक एआयएसला. एकच पोर्ट असेल तर दोन-तीन बोलणाऱ्यांना एका ओळीत आणून देणारा मल्टिप्लेक्सर नावाचा छोटा डबा मिळतो.

एवढं करूनही रेडिओवर आकडे आले नाहीत तर मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्लॉटरच्या टीएक्स ए आणि बी वर धरा. यंत्र बोलत असेल तर मीटरवरचा आकडा दर सेकंदाला थरथरतो. थरथरत नसेल तर दोष प्लॉटरच्या सेटिंगमध्ये. थरथरतोय पण रेडिओ ऐकत नाही, तर ए आणि बी ची अदलाबदल करून बघा. दहातल्या आठ वेळा तेच निघतं.

हीच जोडणी उलट दिशेनेही करा: रेडिओचा टीएक्स प्लॉटरच्या आरएक्सला. याच्याकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. दुसऱ्या एखाद्या होडीने लाल बटण दाबलं तर तिचं ठिकाण तुमच्या रेडिओला मिळतं. या उलट्या दोन तारा असतील तर ते ठिकाण सरळ तुमच्या प्लॉटरच्या नकाशावर खूण म्हणून उमटतं आणि तिच्याकडे वळायला एक क्षणही जात नाही. समुद्रावर सगळ्यात आधी पोहोचते ती बाजूचीच होडी.

काही नव्या रेडिओंच्या आतच जीपीएस असतो. तो असला तर ठिकाणासाठी तारांची गरज नाही, पण रेडिओ पत्र्याच्या छपराखाली असेल तर आतल्या जीपीएसला आकाश दिसत नाही. फायबरच्या छपराखाली सहसा चालतं. बघून खात्री करा.

एमएमएसआय क्रमांकाशिवाय लाल बटण निरुपयोगी आहे. भारतातले हे क्रमांक ४१९ ने सुरू होतात आणि रीतसर परवान्यासोबत मिळतात. मित्राच्या होडीचा क्रमांक उसना घालू नका. तुम्ही बटण दाबलंत तर मित्र बंदरात सुरक्षित बसलेला असताना शोधपथक त्याच्या घरी फोन करेल. क्रमांक घालताना आकडे दोनदा तपासा. एआयएसवर तो बहुधा एकदाच घालता येतो आणि चुकला तर विक्रेत्याकडेच जावं लागतं.

नव्या होड्यांवर एनएमईए २००० आलं आहे. त्यात यंत्रांना वेगवेगळ्या तारा नसतात. एक मधली केबल असते, कण्यासारखी, आणि तिच्यावर टी आकाराच्या जोडांतून प्रत्येक यंत्र लागतं. सगळी यंत्रं बोलतात, सगळी ऐकतात. सोलायचं-दाबायचं काहीच नाही, नुसते कनेक्टर फिरवायचे. म्हणूनच त्याचे चार नियम लोक विसरतात. कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर हवेतच. कण्यापासून यंत्रापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ करायची नाही. आणि कण्याला बॅटरीचे १२ व्होल्ट, स्वतःच्या फ्यूजसह, एकाच जागी द्यायचे. तपासायचं असेल तर पॉवर बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आले तर एक गायब आहे.

अँटेना. व्हीएचएफच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून अंतर वॉटपेक्षा उंचीवर ठरतं. दोन होड्यांच्या अँटेना पाण्यापासून ४-४ मीटर उंच असतील तर त्या साधारण १६ किलोमीटरपर्यंत एकमेकींना ऐकू शकतात. केबिनच्या छपरावर दीड मीटरवर लावलेल्या अँटेनाला २५ वॉट दिले काय आणि १० दिले काय, समुद्राची गोलाई आडवी येतेच. केबलवरही बरंच अवलंबून आहे. बारीक आणि लांब केबलमध्ये अर्धी ताकद वाटेतच जाऊ शकते. छोट्या होडीवर केबल लहानच असते, पण ती गुंडाळून ठेवू नका, मापाची कापा. कनेक्टर स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या रबरी टेपने नीट बंद करा, कारण पाणी तिथूनच शिरतं. जीपीएसची अँटेना व्हीएचएफच्या अँटेनापासून किमान १ मीटर दूर हवी. एआयएसची वेगळी अँटेना असेल तर ती व्हीएचएफच्या अँटेनापासून जमेल तितकी लांब, शक्य तर ३ मीटर.

फिश फाइंडरच्या ट्रान्सड्यूसरची केबल कापू नका, लांबी जास्त असली तरी. ती पॉवरच्या आणि अँटेनाच्या केबलपासून दूर, होडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर पडद्यावर मासे नसताना ठिपके दिसतील. होकायंत्राजवळ रेडिओचा स्पीकर ठेवू नका. त्यात चुंबक असतो. पुस्तिकेत होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं. आणि होकायंत्राजवळून जाणाऱ्या पॉवरच्या लाल-काळ्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांत विरतं. जोडणी झाल्यावर सगळं चालू-बंद करून काटा हलतो का बघा.

खरखरीचं म्हटलं होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने इशारा दिला होता की काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस ऐकेनासे होतात. तपासणी सोपी आहे. सगळे दिवे, पंप, चार्जर बंद करा. रेडिओ शांत चॅनेलवर ठेवून स्क्वेल्चचं बटण इतकंच फिरवा की खरखर जेमतेम थांबेल. मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याला खरखर परत सुरू होते तो दोषी. तो बदला किंवा अँटेनापासून दूर न्या. मोबाइल चार्जरही या यादीत वरचेवर सापडतो.

आपल्या मच्छीमारांसाठी आणखी एक यंत्र आता होडीवर येतंय. इस्रोच्या तंत्रज्ञानावर बनवलेले एक लाख ट्रान्सपाँडर मासेमारी बोटींना देण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथून सुरू झाली. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश जातो आणि किनाऱ्याकडून उत्तरही येतं. तुमच्याकडे तो आला असेल तर त्याचा पॉवर फ्यूज-पेटीतून वेगळाच ठेवा. त्याच्या तारांवरून दुसरं काही घेऊ नका, आणि त्याच्या अँटेनावर जाळी टाकू नका. पण तो आहे म्हणून रेडिओ जोडायचा राहू देऊ नका. बाजूची होडी उपग्रहाचा संदेश ऐकत नाही, ती ७० नंबर ऐकते.

सगळी यंत्रं अक्षांश-रेखांश एकाच पद्धतीने दाखवतात का, तेही बघून घ्या. अंश आणि मिनिटं ही समुद्रावरची पद्धत. एका यंत्रावर १७ अंश ३० मिनिटं आणि दुसऱ्यावर १७.३० अंश असं दिसत असेल, तर घाईत वाचताना १२ सागरी मैलांची चूक होते. म्हणजे २२ किलोमीटर. शोधपथक तेवढ्या दूर शोधत राहील.

शेवटची चाचणी बंदरातच करा, होडी पाण्यात असताना, इंजिन चालू करून. रेडिओ २५ वॉटवर ठेवून बोलण्याचं बटण दाबा आणि रेडिओमागच्या वायरीवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा ०.४ हून जास्त घट दिसली तर एखादा जोड सैल आहे. चाचणीसाठी लाल बटण कधीही दाबू नका. खरोखरच शोध सुरू होतो. त्याऐवजी मित्राच्या रेडिओला त्याच्या एमएमएसआय क्रमांकावर साधा डिजिटल कॉल करा. तो पोचला की तुमचा रेडिओ ७० नंबरवर बोलतो हे सिद्ध झालं. मग दोघं संकटाच्या हाकांसाठीचा १६ नंबर सोडून दुसऱ्या चॅनेलवर जा आणि आवाज कसा येतोय ते एकमेकांना सांगा.

त्या तांडेलाच्या होडीला दोन्ही बाजूंच्या मिळून चार तारा जोडायला पाऊण तास लागला. त्यातला अर्धा तास पुस्तिका शोधण्यात गेला. रेडिओवर १७ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व उमटलं तेव्हा त्याने धाकट्या मुलाला हाक मारून ते दाखवलं.

आता रोज होडी पाण्यात ढकलण्याआधी रेडिओ चालू करा आणि पडद्यावर अक्षांश-रेखांश आहेत का बघा. तिथे रेघा दिसल्या तर त्या दिवशी आधी तारा बघा, मग समुद्रात जा. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तेव्हा तोही उपयोगी पडतो.